पाइनच्या लाल पडणाऱ्या सुया आणि ओलाव्याचे तास

पाइनच्या झाडांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या वेळी एकाच लक्षणाकडे आहे : सुया लाल-तपकिरी पडतात आणि वेळेआधी गळतात. या लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात. परंतु पत्रांतील वर्णने पाहता बऱ्याच ठिकाणी संशय एकाच बुरशीजन्य रोगावर जातो. म्हणून हे सदर त्या रोगाला आणि विशेषतः त्याच्या हवामानाशी असलेल्या नात्याला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्याकडील पाइनच्या खालच्या फांद्यांवरील सुया टोकाकडून तपकिरी होऊन गळत आहेत. शेंडा मात्र हिरवागार आहे. पाणी कमी पडल्यामुळे असे होते, की हा रोग आहे?

उत्तर : पाण्याच्या ताणाने झाड वाळते तेव्हा त्याचा परिणाम सहसा झाडाच्या वरच्या, उघड्या भागावरही दिसतो. वयोमानाने होणाऱ्या गळतीत फांदीच्या आतल्या बाजूच्या, सर्वांत जुन्या सुया एकसारख्या पिवळ्या पडून गळतात आणि त्यात काळजीचे काही नसते. आपल्या वर्णनात खालच्या फांद्या आणि टोकाकडून सुरू होणारे वाळणे या दोन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत, म्हणून निष्कर्ष काढण्याआधी सुई जवळून पाहावी.

अर्धी वाळलेली एक सुई तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि साध्या भिंगातून पाहा. हा रोग असेल तर बुडाकडचा भाग ताजा हिरवा दिसेल, टोक वाळलेल्या गवताच्या रंगाचे असेल आणि त्यांच्या दरम्यान साधारण एक ते तीन मिलिमीटर रुंदीचे विटकरी लाल पट्टे आढळतील. हिरवा रंग जिथे संपतो तिथे बऱ्याचदा रेघ मारल्यासारखी सीमा असते. पट्ट्यामध्ये बारीक काळ्या गाठी दिसतात. त्यांवरून नख फिरवले तर खरखरीत लागते, कारण त्या गाठी सुईच्या आत तयार होतात आणि वरची त्वचा उभी चिरून बाहेर डोकावतात. चिरलेल्या त्वचेच्या दोन कडा भिंगातून स्पष्ट ओळखू येतात. रोग जुना असेल तर फांद्यांवर केवळ टोकाच्या सुया उरतात आणि अशी फांदी टोकाला गोंडा बांधलेल्या काठीसारखी दिसते.

या रोगाला लाल पट्ट्यांचा करपा म्हणता येईल. तो डोथिस्ट्रोमा या बुरशीच्या दोन जातींमुळे होतो. डोथिस्ट्रोमा सेप्टोस्पोरम ही जात जवळजवळ जगभर आढळते. डोथिस्ट्रोमा पायनी हिचे क्षेत्र त्या मानाने मर्यादित आहे. या दोन जाती वेगळ्या आहेत हे २००४ मध्ये जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले, त्यामुळे त्याआधीच्या लिखाणातील नावे वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. आणखी एक सूचना करावीशी वाटते. पट्टे प्रत्येक वेळी लाल असतीलच असे नाही. काही पाइनवर ते नुसतेच तपकिरी राहतात आणि मग पिवळसर कडेचे तपकिरी ठिपके पाडणाऱ्या लेकॅनोस्टिक्टा या बुरशीशी गफलत होऊ शकते. शंका असल्यास नमुना वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत दाखवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

प्रश्न : ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी हा रोग जास्त, असे समजावे का? आमच्या नोंदींत तसे सरळ नाते दिसत नाही.

उत्तर : आपण नोंदी ठेवता आणि त्या समजुतीशी जुळत नाहीत हे प्रांजळपणे लिहिता, याचे मला फार मोल वाटते. आपल्या नोंदी चुकलेल्या नाहीत. पर्जन्यमापकाचे भांडे किती मिलिमीटर पाऊस पडला एवढेच सांगते, आणि या बुरशीचा संबंध आहे तो सुई किती तास ओली राहिली याच्याशी.

हे समजण्यासाठी बुरशीच्या एका बीजाणूचा प्रवास पाहू. सुईवरच्या काळ्या गाठींमध्ये बीजाणू एका चिकट पदार्थात गुंडाळलेले असतात. हा पदार्थ कोरडा असताना घट्ट असतो आणि वारा कितीही सुटला तरी बीजाणू जागेवरून सहसा हलत नाहीत. पाण्याचा थेंब गाठीवर बसला, की तो पदार्थ फुगतो, सैल होतो आणि रंगहीन, बारीक काड्यांसारखे बीजाणू पाण्यात मोकळे होतात. पुढचा थेंब त्यावर आदळला म्हणजे शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या सुईवर किंवा खालच्या फांदीवर जाऊन पडतात. पाण्याची गरज इथपर्यंत सर्वांच्या लक्षात येते. ती इथे संपत नाही, हे मात्र निसटते.

नव्या सुईवर पडलेल्या बीजाणूला अंकुर फुटतो, तो अंकुर सुईच्या पृष्ठभागावरून वाढत जातो आणि पर्णरंध्रातून आत शिरतो. सुईची त्वचा मेणचट आणि टणक असते. ती भेदून जाण्यापेक्षा झाडाने स्वतः ठेवलेल्या दारातून जाणे बुरशीला सोपे पडते. या साऱ्या काळात अंकुराभोवती पाण्याचा पातळ थर किंवा अतिशय दमट हवा लागते. मध्येच कडक कोरडेपणा आला तर प्रवास खुंटतो. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात रेडिएटा पाइनच्या रोपांवर नियंत्रित तापमानाच्या खोल्यांत प्रयोग झाले. त्यांतून असे दिसले, की तापमान अनुकूल असताना सुयांवरची ओल सुमारे दहा तास किंवा त्याहून जास्त टिकली तर लागण चांगलीच साधते आणि ओल जसजशी लांबते तसतशी रोगाची तीव्रता वाढत जाते. अमेरिकेतील नेब्रास्कामध्ये झालेल्या निरीक्षणांचा कलही त्याच बाजूचा होता : एखाद्या सरीपेक्षा सलग काही दिवस टिकणारी ओल निर्णायक ठरते.

आता दोन दिवसांची कल्पना करा. एका दिवशी दुपारी तासाभरात साठ मिलिमीटर पाऊस कोसळतो, लगेच आकाश उघडते, वारा सुटतो आणि दोन तासांत सुया कोरड्या होतात. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून भुरभुर सुरू असते, एकूण पाऊस जेमतेम पाच मिलिमीटर होतो, परंतु ढग हटत नाहीत आणि रात्रीच्या धुक्यामुळे दुसऱ्या सकाळपर्यंत झाड ओलेच राहते. नोंदवहीत पहिला दिवस मोठा दिसेल; बुरशीच्या दृष्टीने दुसरा दिवस कितीतरी मोठा आहे. पाइनच्या सुयांची रचनाही ओल धरून ठेवायला मदत करते. दोन, तीन किंवा पाच सुया एकाच जुडग्यात असतात आणि त्यांच्यामधील फटीत पाणी अडकून राहते. बाहेरून झाड कोरडे वाटत असताना जुडगे हळूच फाकवून पाहिले, तर बुडाशी पाण्याची बारीक रेघ चमकताना दिसते.

म्हणून आपल्या नोंदवहीत मिलिमीटरच्या शेजारी एक रकाना वाढवा : सुया कधी ओल्या झाल्या आणि कधी पूर्ण कोरड्या झाल्या. पानांवरची ओल मोजणारी उपकरणे मिळतात. ती नसल्यास ठरावीक वेळी झाडाजवळ जाऊन जुडगे फाकवून पाहणेही पुरेसे उपयोगी पडते. दवाचे आणि धुक्याचे दिवस त्या रकान्यात जरूर धरावेत. असे एक-दोन हंगाम केल्यावर आपल्याला हवे असलेले नाते त्या नोंदींत दिसू लागेल, असे मला वाटते.

प्रश्न : हा रोग थंड हवेचा की उष्ण हवेचा?

उत्तर : मधल्या हवेचा. साधारण पाच ते सव्वीस अंश सेल्सिअस या टप्प्यात बुरशीची हालचाल चालू राहते आणि सोळा ते वीस अंशांच्या आसपास ती सर्वांत जोमात असते. कडक थंडीत बुरशी मरत नाही. ती सुईच्या आत थांबून राहते आणि हवा ऊबदार होऊन ओल मिळाली, की पुन्हा बीजाणू तयार करू लागते. उष्ण आणि कोरड्या हवेत मात्र दोन्ही अटी एकदम मोडतात, कारण तापमान वर जाते आणि ओलही लवकर उडून जाते.

तापमान आणि ओल यांचा विचार वेगवेगळा करू नये. अठरा अंश तापमान कोरड्या हवेत बुरशीच्या काहीच कामाचे नाही. चार अंशांवर आठवडाभर झाड भिजत राहिले तरी लागण फारशी पुढे जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. एखाद्या ठिकाणी पावसाळा नेमका ऊबदार महिन्यांत येतो की थंड महिन्यांत, हा प्रश्न त्यामुळे वार्षिक सरासरीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

प्रश्न : सावलीतील झाडांना हा रोग अधिक होतो, असे एका ठिकाणी वाचले; दुसऱ्या ठिकाणी प्रकाशात तो वाढतो, असे वाचले. यांपैकी खरे काय?

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत. ती रोगाच्या वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलतात, एवढेच. या रोगातला हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सुईवरचा लाल रंग हा डोथिस्ट्रोमिन नावाच्या विषारी द्रव्याचा आहे. ते बुरशीच स्रवते. रासायनिक रचनेच्या दृष्टीने हे द्रव्य भुईमूग आणि मका यांच्या दाण्यांत बुरशीमुळे तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनच्या आधीच्या टप्प्यातील संयुगांशी जवळचे नाते सांगते, आणि ते तयार करणारी जनुकेही त्याच कुळातली आहेत. डोथिस्ट्रोमिनवर प्रकाश पडला, की त्याच्या प्रभावाने ऑक्सिजनची अतिशय क्रियाशील रूपे तयार होतात आणि ती सुईच्या पेशींची हानी करतात. म्हणजे झाडाला ज्या प्रकाशाची गरज असते, तोच प्रकाश बुरशीच्या विषाला धार देतो. हे विष बनवण्याची क्षमता काढून टाकलेल्या बुरशीवर प्रयोगशाळेत काम झाले आहे. अशी बुरशीही सुईत शिरू शकते, पण तिचे डाग लहान राहतात आणि बीजाणूही कमी तयार होतात. यावरून विष हे आत शिरण्यासाठी नसून शिरल्यानंतर आतील जागा काबीज करण्यासाठी आहे, असे समजते. रोपांवर कमी-जास्त प्रकाश ठेवून केलेल्या प्रयोगांतही प्रकाश घटवल्यावर काळ्या गाठींची संख्या घटली होती.

मग सावलीचा दोष कोणता? सावलीत, दाटीत आणि खोलगट जागेत हवा खेळत नाही आणि सुया उशिरापर्यंत ओल्या राहतात. त्यामुळे लागण होण्याची संधी तिथे वाढते. दोन्ही बाजू लक्षात घेतल्यावर धोक्याची जागा कोणती ते आपोआप कळते : जिथे सकाळी उशिरापर्यंत ओल टिकते आणि नंतर भरपूर उजेडही मिळतो, ती. दाट लागवडीच्या कडेची झाडे आणि तण-झुडुपांत बुडालेल्या खालच्या फांद्या यांचे बऱ्याचदा असेच होते. काही वाचकांनी रोग कमी व्हावा म्हणून झाडांवर सावलीची जाळी घालू का, असे विचारले आहे. तसे करू नये. पाइन हे उन्हात वाढणारे झाड आहे. जाळीने ओल वाढेल आणि झाड अशक्त होईल, ते वेगळेच.

प्रश्न : पाऊस थांबून कित्येक आठवडे झाले, हवा कोरडी आहे, तरी सुया आत्ता लाल का पडत आहेत?

उत्तर : कारण आपण आज पाहत आहात ती लागण आजची नाही. बुरशी आत शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत काही आठवडे तरी जातात, आणि हवा थंड असेल तर हा काळ कित्येक महिन्यांपर्यंतही लांबतो. सुई लाल पडल्याचे पाहून माणूस साहजिकच मागच्या आठवड्याचे हवामान आठवतो, आणि तिथेच निदान फसते. कोरड्या दिवसांत लक्षण दिसले म्हणून कोरडेपणालाच दोष दिला जातो आणि उपाय म्हणून झाडावर वरून पाणी मारले जाते, म्हणजे जे करू नये तेच होते. अशी चूक झालेली तीन-चार पत्रांत दिसली, म्हणून आवर्जून लिहितो : लक्षण दिसल्यावर नोंदवहीची पाने दोन ते सहा महिने मागे उलटा आणि सलग ओल्या, ऊबदार दिवसांचा कालखंड शोधा.

याला जोडून सुईच्या वयाचाही विचार करावा लागतो. काही पाइनमध्ये, उदाहरणार्थ ऑस्ट्रियन पाइनमध्ये, त्या वर्षी फुटलेल्या कोवळ्या सुया सुरुवातीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि उन्हाळ्याच्या मध्यावर लागणीस योग्य होतात. मागील वर्षाच्या सुया मात्र वसंतापासूनच बळी पडतात.

प्रश्न : रोगामुळे झाड मरते का?

उत्तर : एका वर्षाच्या लागणीने सहसा मरत नाही. झाडाचा हिरवा पसारा साधारण पाव भागापर्यंत गेला तर वाढीवर फारसा परिणाम जाणवत नाही. त्यापुढे जितक्या सुया जातात त्या प्रमाणात वाढ घटत जाते. सलग अनेक वर्षे ओला हंगाम मिळून सुया पुन्हा पुन्हा गळत राहिल्या, तर झाड दुबळे होऊन मरू शकते, विशेषतः लहान वयात. रेडिएटा पाइनमध्ये साधारण पंधराव्या वर्षानंतर प्रतिकारशक्ती वाढते. सर्वच जातींना हे लागू नाही. कॉर्सिकन पाइन वय वाढले तरी बळी पडत राहतो.

प्रश्न : वाऱ्याने हा रोग दूरवर पसरतो का? शेजारच्या परिसरातून आमच्याकडे आला असेल का?

उत्तर : मुख्य प्रसार जवळच्या जवळ, पावसाच्या शिंतोड्यांतून होतो, आणि म्हणूनच तो आधी एका झाडाच्या खालच्या भागात, मग शेजारच्या झाडांवर असा सरकताना दिसतो. धुक्याच्या आणि ढगांच्या अतिसूक्ष्म थेंबांबरोबर बीजाणू आणखी दूर जाऊ शकतात. डोंगरमाथ्यावरच्या, ढगांत बुडणाऱ्या लागवडींत याला महत्त्व येते. लैंगिक अवस्थेतील बीजाणू हवेतून उडतात, मात्र ही अवस्था सर्वत्र आढळत नाही. न्यूझीलंडमध्ये या बुरशीचा एकच लैंगिक प्रकार सापडतो, म्हणजे तिथे लैंगिक पुनरुत्पादनाची शक्यताच उरत नाही. तरीही शिंतोड्यांच्या जोरावर रोगाने तिथे मोठी मजल मारली. एका खंडातून दुसऱ्या खंडात ती जाते ती बहुतेक वेळा रोगट रोपांबरोबर, माणसाच्या हातून. त्यामुळे शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपली रोपे कुठून आली होती आणि आणताना त्यांच्या सुया तपासल्या होत्या का, हे आठवून पाहावे.

प्रश्न : हवामान बदलामुळे हा रोग वाढला, असे म्हटले जाते. यात तथ्य किती?

उत्तर : तथ्य आहे, परंतु ‘तापमान वाढले म्हणून रोग वाढला’ इतके ते सरळ नाही. ठिकाणे एकेक करून पाहिली तर चित्र उलगडते.

रेडिएटा पाइन हा मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणजे ऊब आणि सलग पाऊस एकत्र येत नाहीत. विसाव्या शतकात हे झाड वेगाने वाढते म्हणून जगभर लावले गेले. पूर्व आफ्रिकेच्या उंच, ढगाळ, मध्यम तापमानाच्या प्रदेशात त्याला ऊब आणि ओल एकाच वेळी मिळाली आणि रोगाने असे थैमान घातले, की १९६० च्या दशकात केनियामध्ये रेडिएटाची लागवड सोडून द्यावी लागली. न्यूझीलंडमध्ये १९६४ मध्ये रोगाची नोंद झाली आणि १९६६ पासून विमानातून ताम्रयुक्त औषधाची फवारणी सुरू झाली. या दोन्ही उदाहरणांत हवामान बदललेले नव्हते. माणसाने झाडाचे हवामान बदलले होते, आणि पुढे बुरशीही तिथे पोहोचली. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण नवी लागवड करताना आजही आपण तापमान आणि एकूण पाऊस पाहतो आणि पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो हा प्रश्न मागे राहतो.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य भागातील गोष्ट वेगळी आहे. तिथे लॉजपोल पाइन हे स्थानिक झाड आहे आणि बुरशीही तिथे जुनीच आहे. झाडांच्या वार्षिक वलयांच्या अभ्यासात एकोणिसाव्या शतकापासूनच्या उद्रेकांच्या खुणा सापडल्या आहेत. तरी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे जे घडले ते असाधारण होते, कारण रोपांबरोबर पूर्ण वाढलेली झाडेही मरू लागली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनलेखाने याचा संबंध त्या भागातील उन्हाळी पावसाच्या वाढीशी, म्हणजे ऊबदार आणि ओल्या दिवसांच्या वारंवारतेशी जोडला. तापमानवाढीची दीर्घकालीन रेघ तेवढे स्पष्टीकरण देऊ शकत नव्हती. त्याच वेळी, वनीकरणात लॉजपोल पाइनचे प्रमाण फार वाढवले गेले होते हेही विसरता येत नाही. एकाच जातीची सलग, मोठी लागवड म्हणजे बुरशीला शेजारच्या झाडापर्यंत जाण्याचा तयार रस्ता.

ब्रिटनमध्ये १९५४ मध्ये डॉर्सेटमधील एका रोपवाटिकेत रोग आढळला होता. नंतर तो बराच काळ नगण्य राहिला आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतर कॉर्सिकन पाइनवर इतका पसरला, की सरकारी वनक्षेत्रात त्या जातीची नवी लागवड थांबवावी लागली. तिथेही ऊबदार, ओले वसंत आणि उन्हाळे यांकडे लक्ष वेधले जाते.

यावरून पुढचा अंदाज बांधायचा झाला तर तो ठिकाणागणिक वेगळा असेल. जिथे उन्हाळी पाऊस वाढेल किंवा हिवाळा सौम्य होऊन लागणीचा हंगाम लांबेल, तिथे धोका वाढेल. जिथे उन्हाळा अधिक कोरडा आणि तापट होईल, तिथे हा रोग मागे हटेल, भले तिथल्या पाइनपुढे दुष्काळाचे दुसरे संकट उभे राहील.

प्रश्न : हवामान आपल्या हातात नाही. मग करण्यासारखे काय उरते?

उत्तर : पावसावर आपला ताबा नसतो, पण पाऊस थांबल्यावर सुया किती वेळात वाळतात यावर बराच ताबा असतो. सगळे उपाय या एका गोष्टीभोवती फिरतात.

झाडांची विरळणी हा माझ्या मते सर्वांत टिकाऊ उपाय आहे. दोन झाडांमधून वारा वाहू लागला, की सुया लवकर कोरड्या होतात आणि शिंतोडेही शेजाऱ्यापर्यंत कमी पोहोचतात. खालच्या रोगट फांद्या छाटल्याने बीजाणूंचा साठा घटतो आणि जमिनीलगतच्या दमट थरापासून हिरवा भाग वर राहतो. छाटणी कोरड्या दिवसांतच करावी. ओल्या झाडात काम केल्यास कपडे, हात आणि अवजारे यांबरोबर बीजाणू फिरतात. बुंध्याभोवतीचे उंच तण काढल्याने मिळणारा फायदा अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण लहान झाडांच्या बाबतीत तो मोठा असतो.

गळून जमिनीवर पडलेल्या सुयांची भीती काही वाचकांना वाटते. तिथे इतर सूक्ष्मजीव या बुरशीवर मात करतात आणि काही महिन्यांत तिचा जोर ओसरतो. फांद्यांमध्ये अडकून लोंबत राहिलेल्या मृत सुयांत मात्र ती जास्त काळ टिकते, शिवाय तिथून शिंतोडे थेट हिरव्या सुयांवर पडतात. वेळ मर्यादित असेल तर आधी त्या अडकलेल्या सुया झटकून काढाव्यात.

ताम्रयुक्त बुरशीनाशकाबद्दल बहुतेकांनी विचारले आहे. तांब्याचा पातळ थर सुईवर असेल तर बीजाणूला अंकुर फुटणे रोखले जाते. सुईच्या आत गेलेल्या बुरशीवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून लाल झालेल्या सुयांवर फवारणी करून त्या हिरव्या होण्याची वाट पाहू नये. फवारणीची वेळ ही लागणीच्या हंगामाआधी आणि नव्या सुया पुरेशा वाढल्यावर त्यांना झाकण्यासाठी, अशी धरली जाते. न्यूझीलंडमध्ये रोगाचे प्रमाण ठरावीक पातळीपलीकडे गेले तरच फवारणी करतात, आणि तो शहाणपणा अंगीकारण्यासारखा आहे. तांबे जमिनीत साठत जाते आणि पाण्यातील जीवांना घातक असते, त्यामुळे वेष्टनावरील मात्रा व सूचना काटेकोरपणे पाळाव्यात आणि ओढे, तळी यांच्या जवळ फवारू नये.

नवी लागवड करायची असेल तर जागेची निवड अर्धे काम करते. धुके साचणारी खोलगट जागा टाळावी, रांगा नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेला धरून ठेवाव्यात आणि रोगास कमी बळी पडणारी जात निवडावी. या बुरशीला शंभराहून अधिक प्रकारचे पाइन बळी पडतात, म्हणून संपूर्ण अभय असलेली जात शोधण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : माझ्या रोपवाटिकेत पाइनच्या रोपांना रोज संध्याकाळी तुषार सिंचनाने पाणी देतो. त्यात बदल करावा का?

उत्तर : हो, आणि तो याच आठवड्यात करावा. संध्याकाळी भिजलेली सुई रात्रभर वाळत नाही. त्यावर पहाटेचे दव पडते, आणि अशा रीतीने पाऊस नसतानाही आपण रोज बारा-चौदा तासांची ओल स्वतःच्या हाताने देत आहात. तुषारांचे थेंब शिंतोड्यांचे कामही करतात. शक्य असल्यास ठिबकने किंवा नळीने थेट मुळाशी पाणी द्या. तुषार यंत्रणाच वापरावी लागत असेल तर पाणी सकाळी, ऊन वर येताना द्या, म्हणजे दवाच्या ओलीतच ती ओल मिळून जाईल आणि दुपारच्या आत रोपे कोरडी होतील. ट्रे एकमेकांना खेटून ठेवू नका, मोठ्या रोगट पाइनच्या फांद्यांखाली रोपे मांडू नका, आणि पट्टे दिसलेली रोपे विक्रीच्या रोपांतून ताबडतोब बाजूला काढा. पाण्याची वेळ बदलल्यानंतरही काही आठवडे नव्या सुया लाल पडताना दिसतील. ती आधी झालेली लागण असेल. तेवढ्यावरून बदल निष्फळ ठरला असे समजून जुन्या वेळापत्रकाकडे परत जाऊ नका.